येस दाबायची सवय आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड

ऑफिसमधले कॉम्प्युटर सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. कुणाला नवीन मशीन दिलं, की आठवडाभरात एक फर्माईश येतेच: "मॅडम, ते सारखं सारखं विचारतं ना, ते बंद करून द्या." ते म्हणजे यूएसी, यूजर अकाउंट कंट्रोल. स्क्रीन अंधारते, मधोमध चौकट येते, या अ‍ॅपला तुमच्या मशीनमध्ये बदल करू द्यायचे का म्हणून विचारते, आणि खाली येस-नो.

मी ते बंद करून देत नाही. पण मागणाऱ्याचं चुकतं असंही मला वाटत नाही. जी चौकट रोज येते ती कुणी वाचत नाही. हात आपोआप येसवर जातो, आणि मग ज्या दिवशी खरंच काहीतरी भलतं आत शिरू पाहत असतं त्या दिवशीही तो तसाच जातो. त्यामुळे माझा क्रम ठरलेला आहे: आधी चौकटी येण्याचं कारण शोधून त्या कमी करायच्या, आणि मग ज्या उरतील त्या चांगल्या कडक करायच्या. बहुतेक ठिकाणी उलटं चालतं. कुणीतरी कंट्रोल पॅनेल उघडून यूएसीची सरकपट्टी तळाला, म्हणजे 'कधीच विचारू नका'वर, नेतो आणि प्रश्न मिटला म्हणतो.

त्या सरकपट्टीचा इतिहास याच वैतागातून आलेला आहे. यूएसी पहिल्यांदा आलं विंडोज व्हिस्टात. २००७ साली ती घराघरांत पोहोचली तेव्हा चौकटींचा इतका मारा असायचा की लोकांनी सर्रास ते बंद करून टाकलं. २००९ च्या विंडोज ७ मध्ये मायक्रोसॉफ्टने चार पायऱ्यांची पट्टी दिली आणि विंडोजच्या स्वतःच्या सेटिंगसाठी विचारणं कमी केलं. घरच्या मशीनसाठी ती ठीक आहे. ऑफिसात मात्र मी तिला हातच लावत नाही, कारण खरा प्रश्न पट्टी कुठे आहे हा नसून समोर बसलेला माणूस कोणत्या अकाउंटवर बसलाय हा आहे.

"मी अ‍ॅडमिन आहे, तरी मला का विचारतं?" हा प्रश्न मला नेहमी येतो. अ‍ॅडमिन गटातला, म्हणजे मशीनमध्ये हवे ते बदल करायचा अधिकार असलेला, माणूस लॉगिन करतो तेव्हा विंडोज त्याच्यासाठी दोन टोकन, म्हणजे अधिकारांचे दोन परवाने, बनवतं: एक पूर्ण अधिकारांचं आणि एक छाटलेलं. ब्राउझर, मेल, एक्सेल सगळं छाटलेल्या टोकनवर चालतं. येस दाबलं की तेवढ्या एका प्रोग्रॅमला पूर्ण टोकन मिळतं. खात्री करायची असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'हूअ‍ॅमआय स्लॅश ग्रुप्स' चालवून शेवटच्या ओळींमध्ये पाहा. साध्या खिडकीत 'मीडियम' दिसेल, 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडलेल्या खिडकीत 'हाय'. दोन्ही टोकनं एकाच माणसाची, एकाच प्रोफाइलमधली, म्हणून मधली भिंत पातळ आहे. ही सुरक्षेची सीमा मानू नका, असं खुद्द मायक्रोसॉफ्टनेच सांगून ठेवलंय. तेव्हा रोजच्या कामाचं अकाउंट स्टँडर्ड यूजरचं, म्हणजे हे अधिकार नसलेलं, हवं, आणि अ‍ॅडमिनचं वेगळं. मग चौकट येस-नो विचारत नाही, दुसऱ्या अकाउंटचा पासवर्ड मागते. तो ज्याला माहीत नाही, त्याला थांबून कुणालातरी विचारावंच लागतं. मला तेच हवं असतं.

आता चौकटी कमी करण्याचं काम. यात माझा सगळ्यात जास्त वेळ जातो आणि, खरं सांगायचं तर, सगळ्यात जास्त मजाही येते.

अकाउंट्स विभागातलं एक जुनं सॉफ्टवेअर रोज सकाळी उघडताना परवानगी मागायचं. "त्याला अ‍ॅडमिन लागतंच," असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं. मी सिसइंटर्नल्सचं प्रोसेस मॉनिटर, म्हणजे प्रोग्रॅम कुठे काय वाचतो-लिहितो ते दाखवणारं टूल, लावलं, त्या प्रोग्रॅमपुरतं गाळलं आणि निकालात 'अ‍ॅक्सेस डिनाइड' असलेल्या ओळी तेवढ्या ठेवल्या. तो प्रोग्रॅम स्वतःच्याच इन्स्टॉल फोल्डरमधल्या एका डेटा फोल्डरमध्ये सेटिंगची फाइल लिहू पाहत होता. प्रोग्रॅम फाइल्सच्या आत स्टँडर्ड यूजरला लिहिता येत नाही, एवढंच कारण. म्हणून कुणीतरी कधीतरी आयकॉनच्या कम्पॅटिबिलिटी टॅबमध्ये 'रन धिस प्रोग्रॅम अ‍ॅज अ‍ॅन अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'वर टिक करून ठेवलेली. मी त्या डेटा फोल्डरवर यूजर्सना 'मॉडिफाय' दिलं, टिक काढली, चौकट गेली. फक्त एक सांभाळा: परवानगी डेटाच्या फोल्डरलाच द्या, अख्ख्या इन्स्टॉल फोल्डरला नको. तिथे खुद्द प्रोग्रॅमची ईएक्सई फाइल असते; ती कुणालाही बदलता आली, तर उद्या अ‍ॅडमिन तीच फाइल उघडेल आणि आपण केलेलं सगळं वाया.

याच जातीचा एक गमतीदार प्रकार म्हणजे 'व्हर्च्युअलस्टोअर'. फार जुना, ३२ बिटचा, मॅनिफेस्ट (आपल्याला कोणते अधिकार लागतात ते विंडोजला सांगणारी नोंद) नसलेला प्रोग्रॅम प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहायला गेला, तर विंडोज त्याला नाही म्हणत नाही. गुपचूप ती फाइल त्या यूजरच्या अ‍ॅपडेटामधल्या व्हर्च्युअलस्टोअर फोल्डरमध्ये नेऊन ठेवतं. प्रोग्रॅम खूश. पण एकाच मशीनवर सकाळी एक आणि दुपारी दुसरा बसत असेल, तर दोघांना वेगवेगळी सेटिंग दिसतात आणि दोघंही म्हणतात, "मी तर बदललं होतं!" भांडण सोडवायला जाण्याआधी तो फोल्डर उघडून बघा.

नावावरूनही चौकट येते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मॅनिफेस्ट नसलेल्या ३२ बिट प्रोग्रॅमच्या नावात 'सेटअप', 'इन्स्टॉल' किंवा 'अपडेट' असलं, तर विंडोज त्याला इन्स्टॉलर समजतं आणि अ‍ॅडमिन मागतं. भाव अपडेट करणारं एखादं निरुपद्रवी टूल यात सापडतं. नाव बदललं की शांत.

बाकीचं पटकन सांगते. लॉगिन होताच उगवणारे अपडेटर स्टार्टअपमधून काढायचे आणि ते अपडेट आपण रात्री पाठवायचे. टाइम झोन बदलायला स्टँडर्ड यूजरला परवानगी लागत नाही, घड्याळाची वेळ बदलायला लागते. ज्यांना आयपी अ‍ॅड्रेस बदलावा लागतो त्यांना अ‍ॅडमिन करायची गरज नाही. 'नेटवर्क कॉन्फिगरेशन ऑपरेटर्स' गटात टाकलं तरी काम भागतं. प्रिंटरचं मात्र अवघड झालंय. छपाईची कामं रांगेत लावणाऱ्या प्रिंट स्पूलरमधल्या त्या गाजलेल्या भगदाडानंतर, ऑगस्ट २०२१ च्या अपडेटपासून, प्रिंट सर्व्हरवरून ड्रायव्हर घ्यायचा तरी अ‍ॅडमिन लागतो. ड्रायव्हर आधीच मशीनवर टाकून ठेवणं हाच सरळ उपाय. हे बंधन सेटिंगमधून उठवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

एवढं झालं की चौकटी इतक्या विरळ होतात की आली तर माणूस दचकतो. आता कडक करायची वेळ.

प्रो किंवा एंटरप्राइझ विंडोज असेल तर 'सेकपॉल डॉट एमएससी' उघडा, लोकल पॉलिसीज, सिक्युरिटी ऑप्शन्स, आणि यादीच्या तळाशी 'यूजर अकाउंट कंट्रोल'ने सुरू होणाऱ्या ओळी. डोमेन असेल, म्हणजे सगळी मशीनं एका मध्यवर्ती सर्व्हरखाली असतील, तर हेच ग्रुप पॉलिसीतून सगळ्यांना एकदम. महत्त्वाच्या ओळी तीन: अ‍ॅडमिनला काय विचारायचं, स्टँडर्ड यूजरला काय विचारायचं, आणि विचारताना सिक्युअर डेस्कटॉपवर, म्हणजे त्या अंधारणाऱ्या वेगळ्या स्क्रीनवर, जायचं का. अ‍ॅडमिनसाठी मूळ सेटिंग 'विंडोजबाहेरच्या प्रोग्रॅमसाठी संमती' असं असतं; मी ते 'सिक्युअर डेस्कटॉपवर पासवर्ड मागा' करते. म्हणजे माझ्या स्वतःच्या अ‍ॅडमिन अकाउंटलाही नुसत्या येसवर सुटका नाही. मला याचा कंटाळा येतो का? येतो. पण त्या अकाउंटवर मी दिवसभर बसतच नाही.

होम आवृत्तीत सेकपॉल नसतं. तिथे रजिस्ट्रीत (विंडोजची सेटिंग जिथे साठवली जातात तिथे) लोकल मशीनखाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, पॉलिसीज, सिस्टम असं जायचं. 'कन्सेंट प्रॉम्प्ट बिहेवियर अ‍ॅडमिन' या नावाची किंमत मुळात ५ असते; १ केली की सिक्युअर डेस्कटॉपवर पासवर्ड, २ केली की तिथेच संमती, आणि ० केली की काहीही न विचारता अधिकार. हा शून्य इंटरनेटवर उपाय म्हणून जागोजागी सुचवलेला दिसतो. त्यात यूएसी चालू दिसतं पण दार सताड उघडं असतं, म्हणून मला तो बंद यूएसीइतकाच खटकतो. 'अ‍ॅडमिन'ऐवजी शेवटी 'यूजर' असलेल्या जुळ्या नावाची मूळ किंमत ३; १ म्हणजे सिक्युअर डेस्कटॉपवर पासवर्ड, ० म्हणजे सरळ नकार. आणि 'एनेबल एलयूए' शून्य करू नका. ते अख्खी यंत्रणाच बंद करतं. ते एकच सेटिंग बदलल्यावर रीस्टार्ट लागतो, बाकीची लगेच लागू होतात.

स्टँडर्ड यूजरला पासवर्ड विचारायचा की सरळ नकार द्यायचा, यावर माझं आणि आमच्या दुसऱ्या शाखेत हेच काम करणाऱ्या सहकाऱ्याचं जमत नाही. मायक्रोसॉफ्टची सुरक्षा बेसलाइन, म्हणजे शिफारस केलेल्या सेटिंगची यादी, नकाराच्या बाजूने आहे, आणि तोही. त्याचं म्हणणं, ज्या मशीनवर आधीच काही घुसलेलं असू शकतं, तिथे त्या यूजरच्या सेशनमध्ये अ‍ॅडमिनने पासवर्ड टाइप करायचाच का? बरोबर आहे. पण मग मला प्रत्येक छोट्या कामाला स्विच यूजर करून वेगळं लॉगिन करावं लागतं. मी मधला मार्ग काढलाय: जिथे अनेकजण आळीपाळीने बसतात ती मशीनं नकारावर, बाकीची पासवर्डवर.

पासवर्डवर ठेवलं तर एक भानगड लक्षात ठेवा. स्टँडर्ड यूजरच्या चौकटीत अ‍ॅडमिनचं नाव टाकलं की तो प्रोग्रॅम त्या अ‍ॅडमिनचा म्हणून चालतो. इन्स्टॉल करताना 'फक्त माझ्यासाठी' निवडलंत, तर आयकॉन उमटतो अ‍ॅडमिनच्या डेस्कटॉपवर आणि समोरचा विचारतो, "मॅडम, झालं म्हणालात, पण दिसत नाही." मॅप केलेले नेटवर्क ड्राइव्हही त्या खिडकीत दिसत नाहीत, सर्व्हरचा पूर्ण पत्ता टाइप करायचा. डोमेनवरच्या मशीनवर लोकल अ‍ॅडमिन वापरायचा असेल तर नावाआधी टिंब आणि बॅकस्लॅश, नाहीतर ते नाव डोमेनमध्ये शोधलं जातं.

सिक्युअर डेस्कटॉप म्हणजे ती अंधारणारी स्क्रीन. अंधार शोभेसाठी नाही. चौकट वेगळ्या डेस्कटॉपवर काढली जाते, त्यामुळे यूजरच्या सेशनमधला दुसरा प्रोग्रॅम तिच्यावर खोटा माउस फिरवू शकत नाही. याची किंमत रिमोट सपोर्टमध्ये मोजावी लागते. मी लांबून स्क्रीन बघत असते, चौकट येते, आणि माझ्याकडे नुसतं काळं. "काय दिसतंय तुम्हाला?" "पासवर्ड मागतंय." "मला काही दिसत नाहीये." अशा वेळी लोक सिक्युअर डेस्कटॉपच बंद करतात. त्यापेक्षा सर्व्हिस म्हणून चालणारं रिमोट टूल घ्या, त्यात ती चौकटही दिसते आणि पासवर्ड फोनवर सांगायची वेळ येत नाही.

पासवर्डवरून आठवलं. सगळ्या मशीनवर लोकल अ‍ॅडमिनचा पासवर्ड एकच असेल, तर वर लिहिलेल्या कशालाच अर्थ नाही. एक फुटला की सगळे फुटले. हे पासवर्ड सांभाळणारं विंडोज लॅप्स एप्रिल २०२३ पासून विंडोजमध्येच येतं. प्रत्येक मशीनला वेगळा पासवर्ड, मुळात १४ अक्षरांचा, ३० दिवसांनी आपोआप बदलणारा, आणि तो संस्थेच्या मध्यवर्ती डिरेक्टरीत जपून ठेवलेला. आणि दुसऱ्या अकाउंटवरून प्रोग्रॅम चालवणाऱ्या 'रनअ‍ॅज' कमांडला 'सेव्हक्रेड' जोडून पासवर्ड साठवणारे शॉर्टकट कुणी डेस्कटॉपवर करून ठेवले असतील तर आजच उडवा. एकदा साठवलेला तो पासवर्ड त्या यूजरला त्याच पद्धतीने दुसरं काहीही उघडायला चालतो.

लिनक्सवाल्यांना हे सगळं पुराण वाटेल, कारण तिथलं सुडो, म्हणजे एका कमांडपुरते अ‍ॅडमिनचे अधिकार देणारी सोय, लिनक्सच्याही आधीपासून, १९८० च्या सुमारापासून आहे. तिथला माझा एकच आग्रह: एकदा पासवर्ड दिल्यावर तो किती वेळ लक्षात राहतो ते बघा. मूळ सुडोत ५ मिनिटं, उबुंटूत १५. सामायिक मशीनवर मी ती मुदत शून्य करते, आणि सुडोच्या सेटिंगची फाइल व्हिसुडो या कमांडनेच उघडते, म्हणजे एखादी चुकीची ओळ गेली तरी तो जतन करण्याआधी टोकतो.

सध्या माझ्याकडे एकच प्रोग्रॅम हट्टाला पेटलेला आहे, स्कॅनरचा. दर वेळी परवानगी मागतो, आणि प्रोसेस मॉनिटरमध्ये पाहिलं तर हा गडी रजिस्ट्रीच्या लोकल मशीन भागात रोज काहीतरी लिहितो. बनवणाऱ्या कंपनीला सविस्तर मेल केला, स्क्रीनशॉट जोडले. उत्तर आलं एका ओळीचं: यूएसी बंद करून पाहा. तो स्कॅनर आता माझ्या टेबलाशेजारच्या मशीनला जोडलाय, ज्याला स्कॅन करायचंय तो माझ्याकडे येतो. पुढच्या खरेदीच्या यादीत मी किमतीच्या रकान्याआधी एक नवा रकाना घातलाय: स्टँडर्ड यूजरवर चालतं का, हो किंवा नाही.