अथणीपर्यंत ओटी (ऑपरेशन थिएटर) बघत फिरलो, पुढे जाणाऱ्यांनी हे वाचा

हायड्रोसीलची (हत्तीरोगात अंडकोषात पाणी साचून येणारी सूज) ऑपरेशनं तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नीट होऊ शकतात का, हे बघायला बेळगावहून निघालो, निपाणी, चिक्कोडी, रायबाग करत अथणी. लोक म्हणतात हत्तीरोग आमच्याकडचा नाही, तो विजापूर-बागलकोटचा. बरोबर आहे, पण अथणीची हद्द विजापूरला लागूनच आहे आणि ऊसतोडीला आलेला माणूस जिल्हा बघून आजारी पडत नाही. शिवाय २०२७ पर्यंत हत्तीरोग संपवायचं भारताचं टार्गेट आहे, त्यासाठी नुसत्या गोळ्या वाटून भागत नाही, सूज आणि हायड्रोसीलच्या पेशंटची सोय कुठे आहे आणि ती कशी आहे हेही डब्ल्यूएचओला दाखवावं लागतं.

आता मुद्द्याचं. सामानाची यादी घेऊन टिक मारत बसू नका. ओटी लाइट आहे, कॉटरी (रक्त थांबवायचं यंत्र) आहे, सक्शन (रक्त-पाणी ओढून घ्यायचं यंत्र) आहे, सगळीकडे 'आहे आहे'च ऐकू येतं. त्यापेक्षा ओटी रजिस्टर मागा आणि शेवटचं हायड्रोसील कधी केलं, कोणी केलं, भूल कोणी दिली ते बघा. एका ठिकाणी टेबल चकाचक होतं पण भूल देणारे डॉक्टर आठवड्यातून एकदाच यायचे, म्हणजे बाकीचे दिवस ते टेबल शोभेलाच. साधं हायड्रोसील लोकलखाली, म्हणजे तेवढाच भाग बधिर करून होतं म्हणा, पण मोठं असेल, कातडी जाड झाली असेल किंवा सोबत हर्निया असेल तर पेशंट वरच्या दवाखान्यात पाठवायलाच हवा, आणि कुठे पाठवायचा ते सिस्टरना तोंडपाठ पाहिजे. सुजेवर टॉर्च मारून आत पाणीच आहे ना ते कसं बघता हेही विचारा, उत्तरावरून बरंच कळतं.

ऑटोक्लेव्हजवळ (वाफेवर हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र) मात्र उभं राहून बघा. १२१ डिग्री, १५ पौंड प्रेशर, गुंडाळलेल्या पॅकला ३० मिनिटं. पॅकच्या बाहेरची टेप काळी झाली म्हणजे पॅक उष्णतेला लागला एवढंच, आत वाफ पोचली का ते आतली स्ट्रिप सांगते, ती असते का विचारा. लाइट घालवून जनरेटर सुरू करून दाखवा म्हणा, डिझेल कोण भरतं तेही विचारा (इथे सगळे हसतात). नळाला पाणी येतं का ते स्वतः हात धुऊन बघा.

बोर्ड, रजिस्टर सगळं कन्नडात, त्यामुळे कन्नड वाचणारं कोणीतरी सोबत हवंच. पेशंटशी मात्र निपाणीकडे मराठीच चालते, आणि पुरुष सिस्टरसमोर बोलत नाहीत, पुरुष हेल्थ वर्करला पुढे करा. सकाळी ओपीडीच्या गर्दीत जाऊ नका, दुपारी जा, तेव्हा चहा मिळतो आणि खरं बोलणंही होतं. अथणी लांब आहे, सव्वाशे किलोमीटरच्या वर, मुक्काम तिथेच करा.

ऑपरेशननंतर काय, हा भाग सगळे घाईत उरकतात. लंगोट बांधून घरी पाठवला की झालं असं नाही, ड्रेसिंग, टाके, पस झाला तर कोणाला फोन, हे लिहिलेलं आहे का बघा. आणि हो, कारखाने सुरू असताना कोणी ऑपरेशनला येत नाही, कारण नंतर काही आठवडे जड उचलायचं नाही म्हटलं की मजुरी बुडते. म्हणून गळीत हंगाम संपल्यावर एकदम गर्दी होते, तेव्हा सर्जन आणि भूलवाले किती दिवस देणार हे आधीच लिहून घ्या.