काथ्याची पट्टी

पेणला आमच्या काकांचा गणपतीचा कारखाना आहे. (पीओपी की शाडू, हा वाद आज नको.) साच्यात प्लास्टरचा पहिला हात फिरला की प्लास्टरमध्येच बुडवलेले नारळाच्या काथ्याचे पुंजके आतून दाबून बसवतात. हात, मान, सोंड इथे जरा जास्तच. सुट्टीत काथ्या पिंजायचं काम माझ्याकडे असायचं, म्हणून एम.ई.च्या प्रोजेक्टला बाकीची पोरं ग्लास फायबर, कार्बन फायबर करत असताना मी काथ्याच धरला. इपॉक्सीत (ओतल्यावर कडक होणारं रेझिन) काथ्या घालून पट्ट्या ओतायच्या आणि तोडून बघायच्या.

पहिल्याच दिवशी तोंडावर पडलो. यूटीएमवर, म्हणजे पट्टी ओढून तोडणाऱ्या मशीनवर, नुसत्या इपॉक्सीची पट्टी जेवढा ताण घेत होती, तेवढाही काथ्यावाली घेईना. मला वाटलं मशीनच चुकतंय. दोनदा पुन्हा ओतल्या, तेच.

चूक माझ्या समजुतीत होती. काथ्याची ताठरता साधारण 4 ते 6 गिगापास्कल, इपॉक्सीची 3 च्या आसपास. काचेच्या धाग्याची 70. आजूबाजूच्या रेझिनपेक्षा धागा पुष्कळ ताठ असेल तरच तो भार स्वतःकडे ओढून घेतो. इथे दोघे जवळजवळ सारखेच. नारळाच्या धाग्यात सेल्युलोजचे बारीक तंतू स्प्रिंगसारखे तिरके गुंडाळलेले असतात, कधी कधी 45 अंशांपर्यंत, आणि लिग्निनही (लाकडाला कडक करणारा पदार्थ) भरपूर. घायपातीत हा कोन बराच कमी, म्हणून तिचे दोर मजबूत. काथ्या मात्र तुटण्याआधी आपल्या लांबीच्या 30 टक्क्यांपर्यंत ताणला जातो. इपॉक्सी चार-पाच टक्क्यांतच तडकते. म्हणजे रेझिन हात टेकतं तेव्हा काथ्या अजून आळोखेपिळोखेच देत असतो!

कॉस्टिक सोड्याच्या 5 टक्के पाण्यात धुतल्यावर वरचा मेणचटपणा गेला, धागा खरखरीत झाला, पकड थोडी सुधारली. थोडीच.

मग इम्पॅक्ट टेस्ट. लोलकाच्या घणाने नुसत्या इपॉक्सीचे दोन तुकडे उडाले, एक कपाटाखाली गेला. काथ्याची पट्टी तडकली, पण तुकडे एकमेकांना लोंबकळत राहिले. मोडलेल्या तोंडाशी बघितलं तर धागे तुटलेले कमी, उपसून आलेले जास्त. ते उपसताना जी ओढाताण होते, तिच्यातच घणाचा जोर खर्ची पडतो.

गणपतीत काकांनी मला ताण कुठे मोजायला लावला असता? टेम्पोतून जाताना हिसका बसला तर बाप्पाचा हात तडकावा, पण निखळून खाली पडू नये, एवढ्यासाठी काथ्या.

ती पट्टी घरी नेऊन दाखवली. काकांनी चष्मा वर केला, मोडलेली बाजू उजेडात धरली आणि एका कोरड्या पुंजक्यावर नख ठेवलं.

"हा आतपर्यंत भिजलाच नाहीये. घाई केलीस ना?"

सरांनीही तिथेच लाल पेनाने गोल केला होता.