यादी मागितलीत म्हणून

"लहान मुलांना शिकवायचं मोफत साहित्य कुठून घेता? जरा यादी पाठवा ना." कुणाचं मूल अजून बोलत नाही, कुणाचं एका जागी बसत नाही, कुणाला आवाज सहन होत नाही. मी अशा मुलांचा वर्ग घेते. मूल कुठलंही असो, पालकांचा प्रश्न हाच. मी लगेच यादी देत नाही, म्हणून काहींना वाटतं मी हातचं राखते. एका आईने तसं तोंडावर सांगितलं आणि ते मला लागलं.

लपवण्यासारखं माझ्याकडे काही नाही. न बोलणाऱ्या मुलाला चित्र दाखवून सांगता यावं म्हणून कार्डं करते, त्यांची चित्रं मी आरासाकच्या संग्रहातून घेते. तो स्पेनमधल्या आरागॉन सरकारचा आहे आणि त्यात हजारो चित्रं आहेत. ती विकायची नाहीत, संग्रहाचं व चित्रकाराचं नाव द्यायचं, आणि त्यांत बदल करून पुढे दिलीत तर याच अटींवर द्यायची, एवढंच. चित्रातल्या माणसाच्या त्वचेचा, केसांचा रंग बदलता येतो, तो जरूर बदला. घरच्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं प्रशिक्षण आहे. विकासात मागे राहिलेल्या किंवा अपंगत्व असलेल्या २ ते ९ वर्षांच्या मुलांच्या पालकांना समोर ठेवून ते बनवलंय, आणि त्यात सगळा भर खेळण्यावर आणि घरातल्या रोजच्या कामांवर आहे. ऑटिझम असलेल्या मुलांना शिकवणाऱ्यांसाठी नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे 'अफर्म' नावाचे पाठ आहेत. सगळं फुकट. घ्या, वापरा.

पण मी का अडखळते, तेही ऐका.

माझ्या वर्गात चार वर्षांचा एक मुलगा होता. बोलत नव्हता. गोंगाट वाढला की स्वतःचं मनगट चावायचा, दातांचे वळ दुपारपर्यंत दिसायचे. त्याच्यासाठी तयार तक्ता उतरवून घेतला होता. चेंडू, गाडी, मांजर, छत्री, अशी नीटनेटकी रंगीत चित्रं. तो त्या तक्त्याकडे ढुंकून बघायचा नाही. कशाला बघेल? मांजराबद्दल त्याला काही सांगायचंच नव्हतं. मग मी वेल्क्रोच्या पट्टीवर तीनच कार्डं लावली: 'नको', 'पुन्हा', 'मदत'. त्याला 'दाखव, दाखव' म्हणायचं नाही असं ठरवलं. बोलताना मीच त्या कार्डांवर बोट ठेवायचे. दिवसच्या दिवस काही झालं नाही.

एकदा गोलात सगळ्यांच्या हातात खुळखुळे होते. तो उठला, 'नको' ओढून काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. मी खुळखुळे थांबवले. त्याने माझ्याकडे बघितलं, मग मुलांच्या हातांकडे, मग परत माझ्याकडे. त्या दिवशी मनगट तोंडात गेलं नाही.

मग तो सगळ्यालाच 'नको' म्हणायला लागला. रंग नको, बूट नको, रांग नको. वर्गावर देखरेख करणाऱ्या बाई म्हणाल्या, "लाडावतोय. काम टाळायची युक्ती सापडलीय त्याला." मी वर्गात नसताना त्यांनी ते कार्ड कपाटात ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी तो पट्टीपाशी गेला. जिथे 'नको' असायचं तिथला रिकामा वेल्क्रो नखाने खरवडत राहिला. बराच वेळ. मग मनगट तोंडात घातलं.

मी भांडले. बोलणाऱ्या मुलाने 'नको' म्हटलं असतं तर त्याची जीभ काढून कपाटात ठेवली असती का, असं विचारलं. कार्ड परत आलं. माझे आणि त्या बाईंचे संबंध सुधारले नाहीत.

"चित्रांची सवय लागली तर मूल बोलणारच नाही" हेही मी फार ऐकते. २००६ साली या विषयावरच्या अभ्यासांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ज्या २७ जणांबद्दलचा पुरावा सगळ्यांत भक्कम होता, त्यांच्यापैकी एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं. बहुतेकांचं वाढलं होतं, जरी थोडंच. ती भीती आता सोडा.

सुरुवातीची मी तुमच्यासारखीच होते. साहित्य मिळालं की मुलं पुढे जातील, अशी माझी ठाम समजूत होती, आणि आजही ती मला निव्वळ चूक म्हणवत नाही. स्पीच थेरपिस्टची वेळ मिळायला महिनोन्महिने लागतात. तोवर आईबापांनी हातावर हात ठेवून बसायचं का? रात्री मूल झोपल्यावर कार्डं कापत बसलेल्या आईला मी "आधी मुलाकडे बघा" म्हणते, तेव्हा ती दिवसभर त्याच्याकडेच बघत असते. तिला हाताला काहीतरी काम हवं असतं. माझ्या सांगण्यात थोडा तोरा येतो, कळतं मला. तरी मी तेच सांगते, कारण वर्कशीटचे गठ्ठे संपवलेली आणि एकदाही 'थांबा' म्हणायची सोय नसलेली मुलं मी पाहिली आहेत.

तेव्हा यादीबरोबर मी एक विचारणारच: नकोसं झालं की तुमचं मूल काय करतं? ओरडतं, ढकलतं, टेबलाखाली जातं? पहिलं कार्ड त्यावरून ठरवू.

आणि यावर तुमच्यातलेच काही जण जे विचारतात, तिथे मी अडते. औषध, इंजेक्शन, दात घासणं. तिथे मुलाने 'नको' दिलं तरी ते करावंच लागतं. मी कार्ड हातात घेते, "नको म्हणालास, ऐकलं" म्हणते, कुठला ब्रश ते त्याला निवडू देते, आणि दात घासते. काही मुलं तेवढ्याने शांत होतात. काही माझ्या हातातलं कार्ड हिसकून परत माझ्यापुढे धरतात, आणि त्यांना काय सांगायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.