जुन्या मोटारसायकलसाठी घडवलेले स्विच

माझ्या जुन्या मोटारसायकलच्या हँडलवरील स्विचचे प्लास्टिक ठिसूळ झाले आणि आतील पितळी पट्ट्या काळवंडल्या, तेव्हा नवा संच स्वतःच घडवायचे मी ठरवले. २२ मिलिमीटर व्यासाच्या हँडलवर बसणारी दोन भागांची ॲल्युमिनियमची कडी तयार करून तिच्यात पाणी न शिरणारी छोटी बटणे बसवली. हे काम तुलनेने सोपे होते.

खरा विचार करावा लागला तो विद्युतप्रवाहाचा. १२ व्होल्टवर चालणारा ६० वॉटचा दिवा ५ अँपिअर प्रवाह घेतो आणि एवढा भार नाजूक बटणावर थेट टाकला तर त्याचे संपर्कबिंदू जळू लागतात, म्हणून दिवा व हॉर्न यांच्यासाठी स्वतंत्र रिले, म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारे विद्युतचुंबकी स्विच, बसवले. आता बटणातून केवळ रिलेच्या कॉइलचा अल्प प्रवाह जातो, त्यामुळे हँडलपर्यंत बारीक वायर पुरते. इंजिन बंद करण्याचे बटण मात्र फार जपून जोडावे लागते, कारण मॅग्नेटो इग्निशनमध्ये, म्हणजे बॅटरीशिवाय इंजिनच्या फिरण्यातूनच ठिणगीची वीज तयार होते तिथे, ते ठिणगीसाठीचा प्राथमिक परिपथ जमिनीला, म्हणजेच गाडीच्या सांगाड्याला जोडते, तर बॅटरी इग्निशनमध्ये ते प्रवाह तोडते. शेवटी हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून एकही वायर ताणली जात नाही याची खात्री केली आणि मगच काढून ठेवलेली पेट्रोलची टाकी परत बसवली.