आजच्यापुरती भाकर

येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना मराठीत म्हणताना सुरुवातीला नाव, राज्य, इच्छा, स्वर्ग, पृथ्वी असे मोठमोठे शब्द येतात, शेवटाकडे अपराध आणि परीक्षा. या सगळ्यांच्या मधोमध चुलीजवळची एक ओळ बसली आहे: ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.’

भाषांतर करणाऱ्यांनी इथे ‘भाकर’ घेतली, हे फार बरं केलं. ‘अन्न’ म्हटलं असतं तर अर्थ पोचला असता, पण डोळ्यांपुढे काही आलं नसतं. पोळीला आमच्याकडे सणाचा वास. गोव्यात कोकणी प्रार्थनेत ‘गिरास’ मागतात, म्हणजे घास. दारावर रोज पोदेर, म्हणजे पाववाला, पाव घेऊन येतो त्या मुलखात प्रार्थनेत मात्र घास, हीही गंमतच. आणि या ओळीत ‘माझी’ कुठेच नाही, ‘आमची’ आहे. भाकरी थापणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. पीठ काढायच्या आधीच तिचा हिशेब झालेला असतो, आज जेवायला किती जण.

भाकरी साठवून ठेवायची गोष्टच नव्हे. गव्हाच्या पिठात चिकटपणा अंगचा असतो, ज्वारीत तो नसतो. म्हणून वाटीभर पिठाला पाऊण वाटीच्या आसपास कढत पाणी लागतं. त्या उष्णतेने पिठातला स्टार्च फुलतो आणि गोळा धरून राहतो. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते. मग कितीही मळा, थापताना कडा चिरतात आणि भाकरी तव्यापर्यंत जाता जाता हातातच मोडते. बाजरीचं पीठ त्याहून नाजूक. त्यात तेलाचा अंश जास्त, आठ-दहा दिवसांत कडवट लागायला लागतं. दळण थोडं आणि वरचेवर आणायचं, हा गिरणीचा जुना नियम त्यातूनच आलेला.

गोळाही एकेका भाकरीपुरताच मळावा. चार भाकऱ्यांचं पीठ एकदम भिजवून ठेवलं तर चौथीपर्यंत ते सैल पडतं नाहीतर कोरडं होतं. मळताना नुसतं बोटांनी चिवडून भागत नाही, तळहाताने परातीत रगडावं लागतं. थापलेली भाकरी तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर आणि लगेच त्यावर पाण्याचा हात. हे पाणी विसरलं की कोरडं पीठ करपतं आणि भाकरीला भेगा पडतात. पाणी सुकत आलं, पण ओल अजून आहे, तेवढ्यात उलटायची. घाई केली तर चिकटते, उशीर केला तर तडकते. दुसरी बाजू नीट भाजू द्यायची आणि मग पहिली बाजू थेट विस्तवावर. आतल्या पाण्याची वाफ होते, पापुद्रा सुटतो आणि भाकरी टम्म फुगते. कुठे बारीकसं भोक राहिलं असेल तर वाफ तिथून निसटते आणि सगळी मेहनत चपटी.

ती फुगते तेव्हा थापणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे येतं, त्याला आनंद हा शब्द जड होणार नाही. बायबलमधल्या उपदेशकाच्या पुस्तकात ‘आपली भाकर आनंदाने खा’ अशा अर्थाचं एक वाक्य आहे. एरवी सगळं व्यर्थ म्हणणारा हा माणूस, पण ताटावर आला की मऊ पडतो.

बायबलच्या गोष्टीत रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे आकाशातून पडणारं अन्न, मिळाला, त्याचीही रीत अशीच होती, साठवायचा नाही. धण्यासारखा दाणा, चव मधाच्या पोळीसारखी. माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटरचं माप. ज्यांनी धास्तीने सकाळपर्यंत ठेवला, त्यांच्या मान्नात किडे पडले आणि घाण सुटली. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा, कारण सातवा विसाव्याचा. पुढे कनान देशात त्यांनी शेतातलं धान्य खाल्लं आणि दुसऱ्याच दिवसापासून मान्ना बंद झाला. पीक हाताशी आल्यावर आकाशातून पडायची गरज काय?

सारफथच्या विधवेची गोष्ट मला यापेक्षा जास्त खरी वाटते. मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थोडं तेल, हातात दोन काटक्या. देवाचा संदेष्टा एलिया आला, दुष्काळ सरेपर्यंत पीठ संपलं नाही. पण मडकं भरून वाहिलं, असं कुठेही लिहिलेलं नाही. म्हणजे रोज सकाळी तिला तळाशीच हात घालावा लागत असणार, आणि रोज पीठ हाताला लागत असणार. पिठाचा डबा खरवडून काढलेल्या कुणालाही तो आवाज ओळखीचा आहे.

केडगावला पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळातून शेकडो मुली आणल्या, तेव्हा रोजच्या भाकरीची ही ओळ शेकडो ताटांची झाली. त्यांनी प्रार्थना केली आणि विहिरीही खणल्या, शेतीही केली. या दोन गोष्टींत त्यांना कधी भांडण दिसलं नाही.

मग शिळ्या भाकरीचं काय? मान्ना ठेवला तर किडतो आणि इकडे थोड्याशा भाकरींत पाच हजार माणसं जेवल्यावर येशू सांगतो, उरलेले तुकडे गोळा करा, काही फुकट जाऊ नये. बारा टोपल्या भरल्या. त्या जवाच्या भाकरी होत्या, गरिबाच्या. मला यात विसंगती दिसत नाही. आधीच लपवून ठेवणं वेगळं आणि सगळे जेवल्यावर उरलेलं उचलणं वेगळं. दुसऱ्या दिवशी कांदा-मिरची-हळदीच्या फोडणीत कुस्करा करायचा. आधी भाकरीवर पाण्याचा हबका मारला नाही तर तो घशात अडकतो.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी मरणातून पुन्हा उठलेला येशू तलावाच्या काठी पहाटे कोळशाचा विस्तव करून बसलेला आहे. त्यावर मासळी आणि भाकर. रात्रभर जाळं टाकून दमलेल्यांना तो म्हणतो, या, न्याहारी करा. जाळ्यातले मासे मोजले गेले, 153. भाकर कोणी थापली, विस्तवावर कोणी उलटली, हे योहान लिहीत नाही.