शून्य किमतीचे दरपत्रक: वाचनालयाच्या संगणकीकरणाचा माझा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील एका गावच्या शासनमान्य ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. देवघेव आणि दाखल नोंदवही (वाचनालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमवार नोंद) संगणकावर आणण्याचा ठराव आमच्या कार्यकारी मंडळाने २०२३ च्या पावसाळ्यात केला. त्यापूर्वी एका खासगी विक्रेत्याची प्रणाली आमच्याकडे होती, परंतु त्याने व्यवसाय गुंडाळल्यावर परवान्याचे नूतनीकरण थांबले आणि आमच्याच पुस्तकांची यादी आम्हाला उघडता येईना. जी थोडी माहिती बाहेर काढता आली ती जुन्या फाँटमधली निघाली. ‘कापूस’ शोधावे तर पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची सरमिसळ दिसे. म्हणून या वेळी मी ‘कोहा’ या मुक्त स्रोत प्रणालीचा आग्रह धरला. ती न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासासाठी तयार झाली, २००० पासून वापरात आहे, आणि जीपीएल या खुल्या परवान्यामुळे तिचा स्रोत, म्हणजे मूळ संगणकीय संहिता, कोणालाही वाचता, बदलता व पुढे देता येतो.

अडचण आली ती खरेदीच्या कागदपत्रांत. तीन दरपत्रकांपैकी दोघांनी परवान्याची किंमत आणि दरवर्षीचे नूतनीकरण शुल्क लिहिले होते. तिसरे दरपत्रक आमच्याच तालुक्यातील एका तरुणाचे होते. त्याने कोहा प्रणालीची किंमत शून्य लिहून फक्त स्थापना, माहितीचे स्थलांतर, प्रशिक्षण आणि देखभाल यांचा दर दिला होता. आमच्या लेखापरीक्षकांनी हरकत घेतली की, शून्य किमतीची वस्तू तुलनात्मक तक्त्यात धरता येत नाही, आणि फुकट मिळालेल्या वस्तूची जबाबदारी कोणावर टाकायची? हरकतीचा दुसरा भाग रास्त होता.

मार्ग सापडला तो केंद्र सरकारच्या २०१५ च्या मुक्त स्रोत धोरणात. ते केंद्रीय कार्यालयांना आणि जी राज्ये ते स्वीकारतील त्यांना लागू आहे, अनुदानित वाचनालयावर बंधनकारक नाही, हे मी टिपणीत स्पष्ट लिहिले. मात्र त्यातील तुलनेची पद्धत आमच्या उपयोगाची होती: क्षमता, नियंत्रण, सुरक्षितता, साहाय्याची गरज आणि संपूर्ण वापरकाळाचा खर्च हे सर्व एकत्र तोलायचे. त्यानुसार मी पहिल्या वर्षाच्या किमतीऐवजी पाच वर्षांच्या खर्चाचा तक्ता केला आणि शेवटी एक रकाना वाढवला: ‘प्रणाली सोडावी लागल्यास माहिती कोणत्या स्वरूपात परत मिळेल?’ परवाना विकणाऱ्या दोघांनीही तो रकाना कोरा ठेवला.

सभेत खरा प्रश्न विचारला तो अध्यक्षांनी. ते कापूस उत्पादक आहेत. आदल्या वर्षी, १४ एप्रिल २०२२ पासून, केंद्राने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क काही महिन्यांसाठी उठवले होते आणि त्याची चर्चा गावात अजून ताजी होती. ते म्हणाले, “ताई, आपल्या कापसाला आडोसा पाहिजे म्हणून आपण भांडतो. मग हे बाहेरच्या कंपन्यांना दार लावण्यासारखंच झालं ना?”

मी म्हटले, “नाही, काकाजी.” शुल्क सीमेवर लागते आणि माल कोणत्या देशाचा, हे पाहून लागते. कोहा तर परदेशातच जन्मली आहे, आणि तिच्यावर सेवा देण्याची मुभा कोणत्याही देशाच्या कंपनीला आहे. आमची अट विक्रेत्याच्या देशाबद्दल नसून परवान्याबद्दल आहे. तरीही असा आरोप होतो हे मी सभेला सांगितले. इंडोनेशिया सरकारने २००९ मध्ये आपल्या कार्यालयांना मुक्त स्रोत प्रणाली वापरण्यास प्रोत्साहन दिले, तेव्हा ‘आयआयपीए’ या अमेरिकेतील कॉपीराइट उद्योगांच्या आघाडीने २०१० च्या निवेदनात त्या परिपत्रकावर टीका केली आणि त्या देशाला अमेरिकी व्यापार प्रतिनिधींच्या प्राधान्य निरीक्षण यादीत (बौद्धिक संपदेचे संरक्षण अपुरे मानलेल्या देशांच्या यादीत) ठेवण्याची शिफारस केली. मला ही भूमिका मुळीच पटत नाही. ग्राहकाने आपल्या गरजेची अट घालणे म्हणजे बाजार बंद करणे नव्हे.

याउलट, सरकारी खरेदीत ‘मेक इन इंडिया’ला प्राधान्य देणारा २०१७ चा आदेश स्थानिक मूल्यवर्धन मोजतो, ते ५० टक्के किंवा अधिक असलेला पुरवठादार पहिल्या वर्गात येतो. त्या आदेशाचा हेतू वेगळा आहे आणि तो मी नाकारत नाही, पण विक्रेता भारतीय असल्याने माझी यादी मला परत मिळेलच असे नाही. आमचा आधीचा विक्रेता भारतीयच होता.

त्याच सुमारास संगणकाचे दरही अडले. ३ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्राने लॅपटॉप, टॅबलेट आणि काही प्रकारच्या संगणकांच्या आयातीला परवान्याची अट घातली, दुसऱ्याच दिवशी ती १ नोव्हेंबरपर्यंत पुढे ढकलली आणि नंतर आयातीवर देखरेखीची सौम्य व्यवस्था आणली. पण तेवढ्या गोंधळात तालुक्याचा दुकानदार जुना दर लेखी द्यायला तयार होईना. उद्योगाला आधार देण्याचे हे दोन मार्ग एकाच ठरावाच्या कामात मला शेजारी शेजारी पाहायला मिळाले: आयातीवरील अटीने आमचा खर्च वाढण्याची धास्ती निर्माण केली, तर मुक्त स्रोताच्या अटीने आमचा पैसा परवान्यावरून माणसाच्या कामावर वळवला.

ठराव मंजूर झाला. लेखापरीक्षकांच्या आक्षेपाप्रमाणे देखभालीची जबाबदारी करारात नावानिशी घातली आणि खर्च ‘स्थापना व प्रशिक्षण’ या शीर्षाखाली दाखवला. सर्वांत कष्टाचे काम नोंदींचे होते. इंग्रजी पुस्तकांच्या तयार नोंदी इतर ग्रंथालयांकडून मागवता येतात, पण मराठी पुस्तकांच्या क्वचितच मिळतात. त्यामुळे ग्रंथनोंदीच्या ठरलेल्या क्रमांकांच्या रकान्यांत, म्हणजे शीर्षक २४५ मध्ये, लेखक १०० मध्ये आणि दाखल अंक ९५२ मध्ये, अशी एकेक नोंद महाविद्यालयात शिकणाऱ्या गावातील मुलींनी युनिकोडमध्ये हाताने भरली. प्रणाली वाचनालयातल्याच संगणकावर असल्याने इंटरनेट गेले तरी देवघेव थांबत नाही. वीज गेली तर इन्व्हर्टर संपेपर्यंत काम चालते.

पहिला देखभाल करार संपल्यावर आम्ही पुन्हा दरपत्रके मागवली. या वेळी सगळ्यांनी कोहासाठीच दर दिले आणि चर्चा फक्त कामाच्या दर्जावर व दरावर झाली. तालुक्यातल्या त्या तरुणापेक्षा अमरावतीच्या सेवादाराचा दर कमी आला, म्हणून काम त्याला दिले. जुन्याने नव्याला संपूर्ण माहितीची प्रत आमच्यासमोर दिली आणि वाचकांची देवघेव त्या दिवशीही सुरूच राहिली.