दहा मिनिटं पुढे

दुपारी भिंतीवरच्या घड्याळात नवा सेल घातला आणि सवयीने काटा दहा मिनिटं पुढे ढकलला. लेक म्हणाली, "पुढे आहे हे सगळ्यांनाच माहितीय, मग उपयोग काय?" याला आमच्याकडे तीन पिढ्या उत्तर नाही.

आजोबा रविवारी स्टुलावर चढून लंबकाच्या घड्याळाला चावी द्यायचे. खाली रेडिओपाशी मी. बातम्यांआधीचं पिप्‌ पिप्‌ संपलं की मी ओरडायचं, "आता!" ते काटे अगदी बरोबर लावायचे. आणि मग, तेवढ्याच काळजीने, दहा मिनिटं पुढे करायचे. अकरा नाही, नऊ नाही. त्यानंतर दिवसभर घरात एकच प्रश्न: "खरे किती वाजले?"

फ्रेड नूननला हे अजिबात चाललं नसतं. विमानातून पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेल्या अमेरिकन वैमानिक अमेलिया इअरहार्टचं नाव सगळे घेतात; मला तिच्या मागे बसलेला हा माणूस आठवत राहतो. आधी जहाजांवरचा खलाशी, मग पॅन अमेरिकनच्या विमानांना पॅसिफिकवरून वाट दाखवणारा. इअरहार्टच्या विमानात दोघांच्या मध्ये इंधनाच्या टाक्या, म्हणून नूनन वाटेचा हिशेब चिठ्ठीवर लिहायचा आणि बांबूच्या काठीला अडकवून पुढे सरकवायचा. (आमच्याकडे गॅलरीतून टोपली सोडतात, तसंच काहीसं.)

त्याचा सगळा भरवसा सूर्य, तारे आणि घड्याळावर. विषुववृत्तापाशी घड्याळ चार सेकंद चुकलं की आपली जागा एक सागरी मैल सरकते. आजोबांची दहा मिनिटं म्हणजे दीडशे मैल! न्यू गिनीतल्या लाए गावी त्याला वेळेचा रेडिओ संकेत धड मिळेना, म्हणून उड्डाण लांबलं. शेवटी मिळाला. २ जुलै १९३७ रोजी सकाळी ते निघाले, चार हजारांहून अधिक किलोमीटरवरच्या हाउलंड बेटाकडे. बेट कसलं, जेमतेम अडीच किलोमीटर लांब आणि एक किलोमीटरही रुंद नाही.

तिथे त्यांना दिसावं म्हणून 'इटास्का' जहाज धूर सोडत थांबलं होतं. जहाजाला रेडिओवर इअरहार्टचा आवाज येत होता, तिला मात्र जहाजाचं बोलणं ऐकू जात नव्हतं. आम्ही तुमच्यावरच असायला हवं पण दिसत नाही, इंधन कमी होतंय, असं ती सांगत होती. मग, आम्ही १५७-३३७ (होकायंत्राचे अंश) रेषेवर आहोत. उगवत्या सूर्यावरून रेषा मिळते, तिच्यावरचा ठिपका मिळत नाही. गल्ली बरोबर, घर सापडेना.

ती शेवटची हाक जहाजावरच्या घड्याळात ८:४३ ला नोंदलेली आहे. हे घड्याळही गंमतीचंच, ग्रीनिचच्या साडेअकरा तास मागे लावलेलं. त्यानंतर काही नाही.

लेक अजून तिथेच उभी होती. "बाबा, खरे किती वाजले?"